भुशाची बरणी

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरला.
काळ्यावर करडं, बरगड्यांखालून थेट कमरेपर्यंत
दाटून बसलेलं.
"दोन आठवड्यांचं तरी असेल," त्या म्हणाल्या,
तळघरातल्या बटाट्यांबद्दल बोलावं तशा.
आई खुर्चीत नुसती पर्स उघडत-मिटत राहिली.
मी तोवर त्याला आळशी म्हणत होते.
मुद्दाम करतो, असंही.

ओत्सो बारा वर्षांचा, मी सोळाची.
माझ्या दप्तरात भूमितीच्या पुस्तकाला लागून
त्याची एक पँट, दोन चड्ड्या, गाठ मारायची पिशवी.
कायानीत उणे चोवीस असतं तेव्हा
ओली पँट बसथांबा येईतो कडक होते
आणि चालताना वाजते.
तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

एकदा बसमध्ये मागच्या बाकावर कुणी नाक धरलं.
"हेल्का, तुझाच भाऊ ना?"
मी काचेवरचं बर्फ नखानं खरवडत राहिले.
'हो' म्हणायला एक थांबा उशीर झाला.

पोटातलं ओठावर येत नाही, असं माणसांबद्दल म्हणतात.
याचं पोटातलं पोटालाही कळत नाही.
पिर्क्को नर्सनं कागदावर काढून दाखवलं:
ताणून ताणून आतडं बधिर होतं,
शेजारच्या मूत्राशयाला कोपरानं ढोसत बसतं,
पातळ तेवढं कडेनं निसटतं
आणि आपण पोराला रागावतो.
'आपण' म्हणाली ती. 'तुम्ही' नाही.
मी त्या शब्दाशी बराच वेळ बसले.

मग ब्लूबेरीच्या रसात बिनचवीची पूड.
त्याला चव लागते. एक पेला, एक तास.
फ्रिजवर तक्ता: शी, शू, किती, केव्हा.
आईनं तो आठवडाभर रंगीत पेनांनी भरला,
पुढे पेन्सिलीनं,
पुढे मी.

शाळेच्या संडासात भिंतीला लाल डोळा आहे.
जरा हललात की पाठीमागून खळाळतो, न विचारता.
हात सुकवायचं यंत्र त्याहून वाईट.
ओत्सो दोन्ही कान झाकून दारातूनच परततो.
दोन्ही हात कानांवर,
मग पँटचं बटण काढायचं कुणी?

जूनमध्ये आम्ही तळ्याकाठच्या झोपडीत गेलो.
तिथे वीज नाही. एक सौना, एक धक्का,
बर्चच्या झाडांमागे लाकडी संडास:
फळीला भोक, बादलीत भुसा, पत्र्याचा डाव.
तिसऱ्या रात्री तो आपणहून उठून गेला.
कडी लागली.
मी पायरीवर डास मारत बसले,
अकरा वाजलेले, ऊन अजून पाण्यावर.
वीस मिनिटं.
आतून डावाची खर्र, आणि मग भुसा पडतो तो,
ज्याला आवाज म्हणता येत नाही.
पुन्हा खर्र. पुन्हा.
सात डाव. बाबा असते तर ओरडले असते, एक पुरतो रे!
बाहेर येऊन तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"इथे कुणी ओरडत नाही."
भिंतीबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल,
मी विचारलं नाही.

शाळा उघडल्यावर लाल डोळ्यावर मी पिवळी चिठ्ठी चिकटवली.
त्यासाठी अर्ज असतो म्हणे, दोन पानी.
चिठ्ठी रोज कुणीतरी काढतं, मी रोज लावते.
जॅमच्या एका बरणीत झोपडीतला भुसा आहे.
तो झाकण उघडतो, हुंगतो, मग बसतो.
कधी होतं. कधी नुसता बसतो.

बरं झालं, असं लिहायला काही नाही.
काल बसमध्ये पुन्हा झालं.
मी पिशवी काढली, त्याच्या शेजारी सरकले,
मागून कुणीतरी खिडकी उघडली.
ओत्सोनं खिशातून बरणी काढली,
झाकण फिरवलं
आणि ती आधी
माझ्या नाकाखाली धरली.